राजमान्य राजेश्री बनावट दिव्यांग महोदय यांस



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे फार दिवस राहून गेले होते. पलीकडच्या खोलीत फोन वाजला तरी आपण उठून जाता, इतके आपले कान तल्लख; कागदावर मात्र आपण कर्णबधिर. आपल्यातल्या काहींची नजर अधू आहे आणि तेच रात्री घाटातून स्वतः गाडी चालवतात. काहींचा पाय कागदावर निकामी आहे आणि तो फक्त तपासणीच्या दिवशी दुखतो. नाव घेऊन लिहीत नाही, कारण आपण एक नाही. आपण शाळेत आहात, कचेरीत आहात, प्रवेशाच्या यादीत आहात. ज्याचं त्याने हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं, ही नम्र विनंती.

पहिलं अभिनंदन आपल्या अभ्यासाबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. ज्यांच्यासाठी हा कायदा केला, त्यांतल्या कितीतरी घरांत त्याचं नावसुद्धा अजून पोचलेलं नाही. आपल्याला मात्र तो पाठ आहे. सरकारी नोकरीत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के, आणि या सगळ्याचं दार उघडतं ते चाळीस टक्क्यांवर. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांगांचा विशेष संवर्ग आहे, म्हणजे हवी ती शाळा. वाहतूक भत्ता वाढीव. व्यवसाय कर माफ.

व्यवसाय कराचंच बघा. नोकरदाराला तो वर्षाला फार तर २,५०० रुपये पडतो. तेवढेही आपण सोडत नाही. आमच्या जिल्ह्यात एखाद्या वाडीवर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सरकार महिनाभर जगायला देतं, ते बरोबर तेवढेच पैसे.

दुसरे आभार यासाठी, की संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रांगेत आपण कधी गर्दी केली नाहीत. १९८० साली, कोकणातलेच बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. आपल्याला तिच्यात रस असायचं कारणच नाही. दिव्यांग असाल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. सगळं घर महिन्याला चार हजार दोनशे रुपयांहून कमी पैशांत चालत असेल, तरच त्यातला दिव्यांग मदतीला पात्र. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे, तिला अपंगत्व ८० टक्के लागतं आणि नाव दारिद्र्यरेषेखाली लागतं. त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, २०१२ पासून तसाच. खोटं बोलून मिळवावं असं इथे काही नाही, हे आपण चटकन ओळखलंत. म्हणून आपण वर गेलात, जिथे पगार आहे, बढती आहे, सोयीची बदली आहे.

आपण वर गेलात आणि संशय खाली आला. आपल्या या देणगीबद्दल जरा सविस्तर आभार मानू द्या.

आमच्या शेजारच्या वाडीवर एक आई आहे. मुलगा विशीतला, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मुठी घट्ट मिटलेल्या, मान ठरत नाही, बोलणं फक्त आईला कळतं. त्याचं अनुदान पूर्वी तहसीलमार्फत खात्यावर यायचं. डिसेंबर २०२४ पासून ही योजना डीबीटीवर गेली, म्हणजे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार. वाटेतला दलाल जावा म्हणून ही सोय केली, हेतू चांगलाच होता. पण या मुलाचं खातं जोडलेलं नव्हतं आणि पैसे थांबले. कुणी कळवलं नाही. महिना संपला, दुसरा संपला, तेव्हा आईला कळलं.

मग केवायसी. त्यासाठी त्याला समोर आणा, असं सांगितलं गेलं. कोकणातली वाडी आपण पाहिली असेलच. घर वर, रस्ता खाली, मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि पावसात तिच्यावर शेवाळ. तिथे चाकाची खुर्ची चालत नाही. आईने आणि चुलत्याने त्याला उचलून खाली आणलं, रिक्षा केली, काउंटरसमोर बसवलं. अंगठा लागेना. मशीनवर बोट सरळ ठेवा, असं पलीकडून पुन्हा पुन्हा सांगत होते. ती एवढंच म्हणाली, "त्याचा हात उघडला असता तर मी इथं कशाला आले असते?" मग डोळ्यांची बुबुळं घ्यायचं ठरलं, तर मान स्थिर राहीना. उद्या या, म्हणाले.

त्या काउंटरवरचा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या हातात एक पडदा होता आणि त्या पडद्याला फक्त हो किंवा नाही कळत होतं. तरी मी विचारतो, आपल्या कानांची परीक्षा घेताना कुणी इतका चिवटपणा दाखवला होता का? दाखवला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. साध्या श्रवणचाचणीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. आपण दाबलं नाही, एवढंच. बेरा नावाची चाचणी मेंदूच्या लहरींवरून ऐकणं मोजते, तिला माणसाच्या हो-नाहीची गरज लागत नाही. त्या मुलाला सत्य लपवणं शक्यच नाही, आणि प्रत्येक तपासणी त्याच्याच वाट्याला.

याशिवाय हयातीचा दाखला दरवर्षी. आपण जिवंत आहोत हे निराधाराने दरसाल सिद्ध करायचं. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणि तहसीलमधून. त्यात यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं. अर्ज सेतूत भरायचा, मग तपासणीसाठी ठरलेल्या वारी रुग्णालयात जायचं. मंडणगडच्या टोकाकडल्या गावातून रत्नागिरी गाठायची तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. साध्या एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. पण घरापासून थांब्यापर्यंतच्या रिक्षेला सवलत नाही, सोबत येणाऱ्या बापाच्या बुडालेल्या मजुरीला नाही, आणि त्या दिवशी डॉक्टर रजेवर असतील तर दुसऱ्या खेपेलाही नाही. प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचं याची मुदत नियमांत एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली.

इथे आपल्याला नव्हे, आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ज्या अपंगत्वात बदल होण्याची शक्यता नाही, त्याचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी असतं. मुदत घातली जाते ती फक्त बदल संभवतो तिथे. १९९५ च्या कायद्याखाली मिळालेलं जुनं प्रमाणपत्रही त्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वैध आहे, हे २०१७ च्या नियमांत लिहून ठेवलं आहे. तेव्हा पोलिओने वाळलेल्या पायाच्या माणसाला कुणी सांगितलं की तुमचं जुनं झालं, पुन्हा तपासून या, तर नियम दाखवायला सांगा आणि ते उत्तर लेखी मागा. टक्केवारी कमी लावली असं वाटलं तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार पाठवता येते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून गेल्या वर्षीचे कुठे गेले, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. खोट्यांनी कायदा पाठ केला आहे, आता खऱ्यांनी तो करायची वेळ आहे.

क्षमा असावी, आपल्याकडे पाठ फिरली. तिसरे आभार सरकारच्या वतीने मानतो. आपण त्याला एक फार सोयीचं कारण दिलंत. याच कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. आणि होतं काय? २०२३ पासून निराधार योजनेत विधवेला १,५०० आणि दिव्यांगालाही १,५००. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीलाही १,५००. कुणाला जास्त मिळालं म्हणून माझं दुखत नाही, त्या बायकांनाही पैशांची गरज आहे. पण कायदा संसदेने केला होता, आणि तो पाळा म्हणून माणसांना रस्त्यावर यावं लागलं. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू मोझरीला अन्नत्यागाला बसले, तेव्हा दिव्यांगांना महिन्याला सहा हजार द्या ही त्यांची एक मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी रक्कम २,५०० केली. चौथा हिस्सा जास्त द्यायला इतकी वर्षं लागली, आणि त्या सगळ्या वर्षांत सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "अहो, यात बोगस फार आहेत." ते बोगस म्हणजे आपण. भोगलं त्यांनी, जे आपल्याला कधी भेटलेही नाहीत.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं सुरू केलं. त्याचा अभिमान मला आहे. मग २०२४ साली प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण आलं, त्यात खोट्या अपंगत्व प्रमाणपत्राचाही आरोप होता. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण त्या गदारोळात लोकांना पहिल्यांदा कळलं की प्रमाणपत्र ही वस्तू खुर्चीच्या कामाचीही असते. २०२५ मध्ये सरकारी आणि जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं तपासायला घेतली गेली, काही ठिकाणी निलंबनंही झाली. तेव्हा आपल्याला फार वाईट वाटलं, असं ऐकतो. पुन्हा तपासणी म्हणजे अपमान, असं आपण म्हणालात. महोदय, त्या वाडीवरची आई हा अपमान दरसाल पदरात घेते आणि तिला तो शब्दही सुचत नाही, कारण तिला संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असतं.

जे खरोखर दिव्यांग कर्मचारी आहेत, त्यांनाही आपण याच रांगेत आणून उभं केलंत. काठी टेकत वीस-वीस वर्षं वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाकडे आता सहकारी वरून खाली बघतात. याला भरपाई नाही.

चौथे आभार आपल्या मित्रमंडळींचे. खोटं प्रमाणपत्र एकट्याने होत नाही. त्यावर सही लागते, मध्ये एक एजंट लागतो, आणि सगळं माहीत असून गप्प बसणारं कार्यालय लागतं. कर्मचारी निलंबित होतो तेव्हा सही करणारा कुठे असतो, हे मला कुणी सांगावं. ती सही आंधळी नव्हती, तिला पैसे दिसत होते. चौकशी तिथपर्यंत जात नसेल तर तिला मी चौकशी म्हणणार नाही.

आता शेवटची विनवणी, आणि ही अगदी मनापासून. कायद्याचं कलम ९१ आपण वाचलं असेलच. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला किंवा तसा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण पकडले जाण्याची वाट बघू नका. लेखी अर्ज द्या, प्रमाणपत्र परत करा, आजवर घेतलेला भत्ता भरा आणि ती जागा सोडा. त्या जागेसाठी आमच्या जिल्ह्यात पदवी घेऊन घरी बसलेली मुलं आहेत. त्यांतल्या काहींना दिसत नाही, काहींना ऐकू येत नाही, आणि ते खरं आहे.

सरकारकडेही मागणं आहे, मोजकंच. ज्याचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे, त्याला पुन्हा बोलावू नका. ज्याला उठता येत नाही, त्याच्या केवायसीला आणि हयातीच्या दाखल्याला माणूस घरी पाठवा. अनुदान थांबवण्याआधी लेखी कळवा, आणि थांबलेले महिने थकबाकीसह द्या. उत्पन्नाची मर्यादा ५० हजारांवरून निदान लाडक्या बहिणीइतकी करा. आणि फेरतपासणी करायचीच असेल तर पगारापासून सुरुवात करा. २,५०० रुपयांची पाळी शेवटी येऊ द्या.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक रत्नागिरीकर

ता. क. त्या मुलाचं अनुदान अजून सुरू झालेलं नाही.