छिन्नीबहाद्दर वस्तादांना खुले पत्र

मा. वस्ताद यांसी,



आपण मला ओळखणार नाही. दिवसभरात एवढ्या गाड्या हाताखालून जातात, त्यात एका सव्वाशे सीसीच्या गाडीचं तोंड कोण लक्षात ठेवणार? मालकाचं तर त्याहून नाही. खूण सांगतो. जुलैचा पहिला आठवडा, धो धो पाऊस, आणि "वस्ताद, पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली खट्ट वाजतं" म्हणणारा, रेनकोटातून पाणी गाळणारा इसम. तो मी.

आपण गाडीला हातही लावला नाहीत. मान तिरकी करून म्हणालात, "कोनसेट ढिला झालाय. दोन मिनिटं." दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वरचा मोठा नट सैल करायचा असतो वगैरे बाष्कळ गोष्टींत न पडता आपण खालच्या खाचेच्या नटाला छिन्नी टेकवली आणि हातोडीचे तीन ठोके घातले. ठण्, ठण्, ठण्. शंभर रुपये. आवाज बंद.

खोटं कशाला बोलू, आवाज खरंच बंद झाला. ज्याच्या गळ्यावर पाय दिलाय तो ओरडणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नलला सगळ्यांसोबत निघालो आणि माझी गाडी झिंगल्यासारखी चालू लागली. डावीकडे झुकली, सावरली, ती थेट उजवीकडे. शेजारच्या रिक्षावाल्याने "सकाळी सकाळी?" असा चेहरा केला. पुढच्या रविवारी सासवडला जाताना दिवे घाटात तर कहर. वळणावर हँडल वळायला तयार नाही, आणि एकदा वळलं की सरळ व्हायला तयार नाही. दुचाकी उभी राहते ती हँडल सारखं किंचित इकडे, किंचित तिकडे होत असतं म्हणून. चालवणाऱ्याला ते कळतही नाही. आपण नेमकं तेच आवळून टाकलंत. मग प्रत्येक किंचितचा हिसका होतो आणि गाडी सापासारखी जाते.

मी परत आलो. आपण टायरमध्ये हवा भरलीत. पुन्हा आलो, आपण पुढच्या शॉकअपचं ऑइल बदललंत. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. फरक इतकाच, की पखालीचं बिल म्हशीच्या मालकाने भरलं.

शेवटी पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडला लावली, दहावीतल्या चिरंजीवांना मागच्या सीटच्या टोकाला बसवलं आणि पुढचं चाक अधांतरी केलं. शॉकअप खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढले. जरा म्हणून हलले नाहीत. इथे कोणीही फसेल, ढिलाई नाही म्हणजे सगळं ठणठणीत! मग दोन बोटांनी हँडल हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं. बरोबर मधोमध, चाक सरळ असताना, ते टक् करून एका खाचेत बसलं. पुढे न्यायला ढकलावं लागलं. गाडीला पाच गिअर आहेत हे ठाऊक होतं, हँडललाही एक आहे हे आपल्या कृपेने कळलं.

ही खाच मधेच का, याचा विचार आपण कधी केलाय? गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते. म्हणजे कोनसेटचे, हँडलखालच्या बेअरिंगचे, छर्रे वाटीत त्याच त्याच जागी बसलेले असतात, आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच जागी बसतो. योहान आउगुस्त ब्रिनेल नावाच्या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत मांडली. १० मिलिमीटरची पोलादी गोळी ३,००० किलोच्या भाराने धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. बेअरिंगला असे खळगे पडले की त्याला आजही ब्रिनेलिंग म्हणतात. बिचाऱ्याला त्यासाठी यंत्र लागायचं. आपण नट इतका आवळलात की छर्रे आधीच वाटीत रुतून बसले. उरलेलं आमच्या रस्त्याने केलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदावर स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा सुबक चढ-उतार असतो. आमच्या सोसायटीपुढचा डांबराने बांधलेली वरवंट्यांची रांग आहे. पण त्याला वेगळं पत्र लिहीन.

आता खरी गोष्ट. गाडी उघडली.

वरच्या मजल्यावरचे काका उभं आयुष्य लेथवर उभे राहिलेले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काम नव्हतं, ते मी दिलं. चाक, मडगार्ड, शॉकअप, हेडलाइट, हँडल उतरवलं, हँडलचा दांडा म्हणजेच 'टी' खाली ओढली आणि खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर छर्रे पडले. काकांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते मोजले. खालच्या वाटीतले वरच्यापेक्षा तीन कमी. वाटी रिंगणभर भरायची असते, वस्ताद. तीन छर्ऱ्यांएवढी जागा रिकामी राहिली की उरलेल्यांनी एकमेकांना ढकलत फिरायचं. ग्रीस म्हणून जे होतं ते वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने आणि तीन पावसाळ्यांनी मिळून चहाच्या गाळासारखं केलं होतं. आणि छर्रे नवे असूनही वाट्या जुन्या! वाटीत बोट फिरवलं की खळगे ओळीने लागत होते, अगदी आप्पेपात्रासारखे. काकांनी नखाने एक एक खळगा चाचपला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीचं आपल्याच गॅरेजचं बिल मी घरी जाऊन शोधलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "कोनसेट नवीन". सेट म्हणजे दोन वाट्या, दोन कोन आणि छर्रे. आपण छर्रे तेवढे टाकलेत, तेही मोजून नाही. खळगा पडलेल्या वाटीत नवा छर्रा पुन्हा त्याच खळग्यात जाऊन बसतो, हे आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणून मी आपला अपमान करणार नाही.

नवा सेट आणला. नव्या वाट्या रात्रभर फ्रिजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवल्या, म्हणजे किंचित आकसतात आणि फ्रेममध्ये सरळ जातात. त्यावरून घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. जुन्या वाट्या लांब सळईने आतून, एकदा इकडून एकदा तिकडून ठोकत काढल्या. नवी बसवताना काकांनी जुनीच वाटी वर उपडी ठेवली आणि तिच्यावर ठोका दिला, छर्रे जिथे फिरतात त्या भागाला हातोडी लागू दिली नाही. टीवर घट्ट बसलेला खालचा कोन मात्र छिन्नीनेच निघाला. तेव्हा काका म्हणाले, "छिन्नी वाईट नाही रे. तिला काढायला बोलवावं, आवळायला नाही."

भरपूर ग्रीसमध्ये छर्रे चिकटवताना एक माझ्याही हातून सुटला, टणटणत पार्किंगच्या गटाराच्या जाळीतून आत गेला. तेव्हा आपले तीन कुठे गेले असतील याचा अंदाज आला. फरक एवढाच की मी दुकानात परत गेलो. पायी.

नट आवळायला काकांनी हुकाचा पाना आणला होता. आधी बऱ्यापैकी आवळला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवलं म्हणजे वाट्या जागेवर बसतात, मग नट सोडला आणि हलक्या हाताने पुन्हा टेकवला. शेवटी वरचा मोठा नट, आणि त्यानंतर पुन्हा तपासणी, कारण तो आवळला की खालचं सगळं परत किंचित घट्ट होतं. चिरंजीव पुन्हा मागे बसले. हँडलला मधून एक बोट लावलं, ते आपसूक डावीकडे जाऊन टेकलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधे टक् नाही. काकांनी ते सात-आठ वेळा केलं, गरज नसताना.

यात माझी चूक नाही असं मी म्हणत नाही. हेल्मेटही न काढता "दहा मिनिटांत होईल ना?" असं विचारणारा मीच होतो. सगळा पुढचा भाग उतरवून अर्धा दिवस लागेल म्हणाला असतात, तर मी पलीकडच्या गॅरेजात गेलो असतो, हे आपण पुरतं ओळखून होतात.

पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा बघायचा आहे. त्यासाठी आपल्याकडे येणार नाही.

आपला,
आता सरळ चालणारा ग्राहक

ता. क. : हेडलाइटच्या डूममध्ये वायरींच्या गुंत्यात एक दहा-अकराचा पाना सापडला. दोन वर्षं माझ्यासोबत फिरतोय, मूठ घासून गुळगुळीत झालेली आहे, म्हणजे आपलाच असणार. पोऱ्याला पाठवून घेऊन जावा. बदल्यात तीन छर्रे द्यावेत.