मटार चालतो, फर्निचर्स नाही

'ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस' असं कुणी बोलून गेलं की आपल्याकडच्या सुशिक्षित भुवया झपकन वर जातात. सल्ला काय होता ते राहतं बाजूला, बोलणारा कुठल्या माध्यमात शिकला याचीच कुजबुज सुरू होते.

नियम सगळ्यांना पाठ आहे. नाम अनकाउंटेबल असेल तर 'अ', 'ॲन' लावायचं नाही. हा 'अ' मूळचा 'एक'च; जे मोजता येत नाही ते एक कसं असेल? बिनतोड! फक्त मोजता काय येत नाही, हे विचारायचं नाही. मनी मोजता येत नाही म्हणे. इथला पैसा पैन् पै मोजून नेणाऱ्यांचं हे व्याकरण! टेबल, कपाट, खुर्च्या एकेक मोजून टेम्पोत चढवा, 'अ फर्निचर' मात्र म्हणू नका. किराण्यात तर आणखी मजा. राइस अनकाउंटेबल, बीन्स काउंटेबल. व्हीट एकवचनी, ओट्स अनेकवचनी. म्हणजे गोम दाण्यात नाही, साहेबाच्या सवयीत आहे.

आणि सवय त्यानं हवी तेव्हा बदलली. वाटाण्याला पूर्वी तिकडे 'पीज' म्हणत, एकवचनीच. शेवटचा 'ज' लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि सतराव्या शतकात त्यातून एकटा 'पी' सोलून निघाला. धडधडीत चूक, पण आज 'अ पी' शुद्ध. अलीकडचं बघा: टपालातली 'मेल' अनकाउंटेबल, पण 'ॲन ई-मेल' बिनदिक्कत चालतं. कॅफेत 'अ कॉफी, प्लीज' म्हटलं तर उलट रुबाब वाढतो. तिथे म्हणे कप गृहीत धरायचा. मग आपल्या दुकानाच्या पाटीवरच्या 'फर्निचर्स'मध्ये नग गृहीत धरायला कुणाचं काय जातं? पण नाही. साहेब चुकला की भाषा विकसित होते, आपण चुकलो की शाळेची फी वाया जाते.

विशेषणाचा वशिला तर विचारूच नका. नुसत्या नॉलेजला 'अ' वर्ज्य, पण 'गुड' मध्ये घातलं की 'अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश' नोकरीच्या जाहिरातीत दिमाखात छापून येतं. ॲडव्हाइसला मात्र हा वशिलाही लागू नाही. सल्ला कितीही 'गुड' असो, त्याला 'अ' मिळत नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत साहेबालाही नसावी.