हॉटेलातील खोली-सफाई कर्मचाऱ्यांस द्यावयाच्या बक्षिसीबाबत परिपत्रक

प्रस्तुत परिपत्रक बँकेतून निवृत्त झालेल्या आणि प्रवासाची आवड असलेल्या समस्त गृहस्थवर्गासाठी काढण्यात येत आहे. त्यांपैकी एक गृहस्थ माझ्याच घरी राहतात, हा निव्वळ योगायोग समजावा.

कलम १ : पूर्वतयारी. निघण्यापूर्वी वीसच्या आणि पन्नासच्या नोटा जमवाव्यात. ह्या बाबतीत आमच्या गृहस्थांची कामगिरी चोख आहे. जुन्या ओळखीवर कोऱ्या नोटांचं अख्खं बंडल घरी येतं. अडचण पुढे येते. "नवी आहे गं, लग्नकार्यात पाकिटात घालायला होईल," म्हणत कोरी नोट परत आत जाते आणि रिक्षावाल्याने नाकारलेली, चिकटपट्टी लावलेली दहाची बाहेर पडते. सबब, चिकटपट्टीयुक्त नोट बक्षीस म्हणून देण्यास सक्त मनाई आहे.

कलम २ : पात्र व्यक्ती. हॉटेलात बक्षिसी मिळते ती समोर दिसणाऱ्याला. गाडीपासून लिफ्टपर्यंत बॅग ढकलणारा सलाम ठोकतो, त्याला मिळते. बडीशेपेबरोबर बिल आणणारा रेंगाळतो, त्याला मिळते. खोली आवरणारी बाई किंवा पोरगा मात्र आपण प्रतापगड बघायला गेल्यावर येतो. एका पाळीत बारा-पंधरा खोल्या. प्रत्येक खोलीत जाड गादीचे कोपरे उचलून चादर खोचायची, अभ्रे बदलायचे, मोरीच्या जाळीत अडकलेले आपले केस काढायचे, संडास घासायचा. संध्याकाळी आपण परत येतो आणि म्हणतो, "मालकाने हॉटेल काय स्वच्छ ठेवलंय हो!"

कलम ३ : वेळ. रोज सकाळी, बाहेर पडताना. "निघताना एकरकमी देऊ" हा मुदत ठेवीचा विचार इथे चालत नाही. तीन दिवस जिने आपला पसारा उपसला तिची चौथ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. रक्कम मग त्या दिवशी ट्रॉली घेऊन येईल त्याच्या खिशात जाते. त्याचाही दोष नाही.

कलम ४ : जागा. उशीवर किंवा टेबलावर, सोबत चिठ्ठी. चिठ्ठी अत्यावश्यक. खोलीत नुसती पडलेली नोट शहाणा कर्मचारी उचलत नाही, कारण पाहुण्याने "माझे पैसे गेले" म्हटलं की नोकरी जाते. चिठ्ठीवर 'सफाई करणाऱ्या ताईंसाठी, आभार' एवढं पुरे. आमच्याकडे त्यावर दिनांक, खोली क्रमांक, 'रुपये पन्नास फक्त' आणि खाली इंग्रजी सही असते. दोन तिरक्या रेघा मारायच्या तेवढ्या मी थांबवल्या.

कलम ५ : आवराआवर. बाई यायच्या आधी खोली झाडून घेऊ नये. "ती बघेल तर काय म्हणेल?" ह्या भयाने आमचे गृहस्थ सकाळी पलंगपोस ताणून बसवतात, ओले टॉवेल घडी घालून दांडीवर ठेवतात आणि मग विजयी मुद्रेने म्हणतात, "सगळं तर आपणच केलं, बक्षीस कशाचं?" अहो, तुम्ही निघालात की ती चादर तशीही ओढून काढायचीच असते. आणि दांडीवरच्या टॉवेलचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'हाच पुन्हा वापरणार' असा होतो. न्हाणीघरातलं ते हिरवं कार्ड एकदा वाचा. बदलून हवे असतील तर टॉवेल खाली एका ढिगात टाकावेत. कचरा डब्यात आणि उष्ट्या कपबशा एका जागी ठेवाव्यात. ह्यापलीकडे मदत नको.

कलम ६ : हरकती. पहिली, "जीएसटी भरला की." तो सरकारला जातो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाचच टक्के आहे, वाचलेल्यातून द्या. दुसरी हरकत पाकिटातल्या कात्रणाच्या रूपात येते : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, ४ जुलै २०२२, बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही. बरोबर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पण सक्ती उठली म्हणून हात आखडावा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तिसरी हरकत मात्र वजनदार आहे : "मालकाने पगार वाढवावा." २०१४ साली मॅरियटने अमेरिका-कॅनडातल्या खोल्यांत बक्षिसीसाठी पाकिटं ठेवली, तेव्हा तिथल्या लोकांनीही हेच सुनावलं. मलाही पटतं. फक्त पगार वाढेपर्यंत मधल्या काळात काय, ह्यावर गृहस्थ गप्प असतात.

कलम ७ : परदेश. अमेरिकेत रोज दोन-चार डॉलर ठेवावेत. जपानात ठेवू नयेत. राहिलेले पैसे विसरलेले समजून परत आणून देतात. आमचे गृहस्थ त्या देशाच्या प्रेमात आहेत.

कलम ८ : शाम्पूच्या बाटल्या.

ह्या विषयावर आमच्यात बोलणं बंद आहे.

कलम ९ : पर्यायी सेवा. महाबळेश्वरला खोली आवरायला आलेल्या पोराला ह्यांनी थांबवून घेतलं. गाव कुठलं, खातं कुठल्या बँकेत, विमा आहे का? नव्हता. मग वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा कसा मिळतो हे त्याला हॉटेलच्याच लेटरपॅडवर आकृतीसह समजावलं, वारस म्हणून आईचं नाव घालायला सांगितलं, शाखेत कोणाला भेटायचं तेही लिहून दिलं. पोरगं हातात झाडू धरून मन लावून ऐकत होतं. इतक्या आपुलकीने त्याच्याशी कोणी बोललं नसावं, हे मी मान्य करते. पण बाहेर ट्रॉली उभी होती आणि मजल्यावरच्या सहा खोल्या बाकी होत्या.

कलम १० : रक्कम. साध्या हॉटेलात रात्रीला ५० रुपये. बरोबर नातवंडं असून गादीवर वेफर्स सांडले असल्यास १००. विमाविषयक मार्गदर्शन झाले असल्यास वर आणखी १००, बुडालेल्या वेळेपोटी. ही रक्कम मार्गदर्शकाच्या खिशातून वसूल करण्यात यावी.