उभ्या मुंबईत बसायला जागा

मुंबईत माणशी मोकळी जागा किती, असं नगररचनेच्या मंडळींना विचारलं की ते चष्मा पुसतात आणि सांगतात, जेमतेम सव्वा चौरस मीटर. म्हणजे साडेतेरा चौरस फूट. सहा बाय तीनची गादी टाकली तर पाय शेजारच्याच्या हिश्श्यात जातात. थोडक्यात, या शहरात नागरिकाने बसावं, लोळू नये, अशी नियोजनाचीच इच्छा दिसते. अडचण एवढीच आहे की बसायलाही कोणी देत नाही.

म्हाताऱ्यांना याचं फारसं काही नाही. त्यांना बाल्कनी आहे, निदान खिडकी आहे. लहान मुलांना सोसायटीचं पार्किंग आहे. पंचविशीतल्या माणसाला मात्र नोकरी आहे, पगार आहे, शनिवार-रविवार आहे, मित्रमैत्रिणी आहेत आणि त्या सगळ्यांना घेऊन टेकायला जागा नाही.

आमचा भाचा सांगलीहून अंधेरीला नोकरीला आला. त्याने आणि आणखी तिघांनी मिळून वन बीएचके घेतला. घेतला म्हणजे 11 महिन्यांसाठी. या 11 महिन्यांची एक गंमत आहे. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेकरार नोंदवायची सक्ती नव्हती, म्हणून आपल्या पूर्वजांनी ही पळवाट काढली. पुढे 1999च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने सगळ्याच करारांची नोंदणी सक्तीची केली. पळवाट बुजली, 11 महिने मात्र राहिले. बहुधा दलालांच्या प्रकृतीसाठी. कारण मुंबईत ऋतू तीन असले तरी भाचा एकच ऋतू ओळखतो, करार संपण्याचा. तेव्हा भाडं फुलतं, दलाल येतो आणि चार पोरं गाद्या घेऊन गोरेगावच्या दिशेने स्थलांतर करतात.

बरं, एवढं भाडं भरून घरात बसावं, तर हॉल हा हॉल नसतो. ती चौघांपैकी एकाची खोली असते. तो नाइट शिफ्टचा असेल तर दिवसभर तिथे पडदे ओढलेले आणि बाकीचे तिघे स्वयंपाकघरात उभे. पाहुणा आणायचा तर सोसायटीच्या वहीत त्याचं नाव, नंबर आणि पाहुण्याशी नातं लिहायचं. दहानंतर पाहुणा नको, मैत्रीण तर त्याआधीही नको. वॉचमनला चौघांची येण्याजाण्याची वेळ त्यांच्या आईबापांपेक्षा जास्त पाठ असते. सांगलीहून ताई फोनवर सांगते, "अरे, रविवारी घरी आराम तरी कर." भाचा म्हणतो, "आई, घरी कसा करू? घरी जागा नाही."

मग आराम करायला बाहेर जायचं. बाहेर म्हणजे कॅफेत.

धोबीतलावच्या बस्तानी इराण्याकडे म्हणे सूचनांची भलीमोठी पाटी असायची, ग्राहकाने काय काय करू नये याची. निस्सीम इझिकेलांना त्यावरून कविता सुचली. बस्तानी बंद पडलं. आताच्या कॅफेत पाटी नसते. तिथे सगळं करायला मुभा आहे. लॅपटॉप उघडा, कुत्रं आणा, भिंतीवर काहीतरी चिकटवा. फक्त बसण्याचं भाडं कॉफीच्या नावाने घेतात. भाच्याने मला हिशेब समजावून सांगितला. "मामा, तुम्ही कॉफीची किंमत बघता, तिथेच चुकता. एक कॅपुचिनो म्हणजे दीड तास. त्यानंतर तो पोऱ्या येऊन रिकामा कप उचलतो. कप उचलला की आपण बेघर." म्हणून ही मुलं शेवटचा घोट कपात ठेवतात. त्या घोटाला ते हात लावत नाहीत. मी एकदा चुकून 'संपव की' म्हणालो, तर टेबलावरच्या चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचा करारच रद्द केला.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. तो ऐच्छिक आहे, तो आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सांगून ठेवलंय. पण समोर पहिल्यांदाच भेटलेली मुलगी बसलेली असताना 'हे काढून टाका' म्हणण्याची हिंमत कुठल्या ग्राहकात आहे? प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, धैर्य कुठून काढायचं ते नाही सांगितलं.

प्रेमाचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून घेऊ. घरी वॉचमन, कॅफेत कप उचलणारा, मग उरतो समुद्र. मुंबईतली प्रेमं समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून होतात, यात काव्य कमी आणि सोय जास्त आहे. बोरिवलीत 2021 साली एका सोसायटीसमोरच्या रस्त्यावर चक्क 'नो किसिंग झोन' असं रंगवलं होतं. नो पार्किंगच्या पाट्यांना या शहरात कोणी जुमानत नाही, पण निदान त्या गाड्यांसाठी असतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत हे खरं, पण रात्री उशिरा पोलिसांची गाडी हळूहळू येते आणि आतून आवाज येतो, "चला, उठा." या शहरात बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी सरकारी पगारावर माणसं आहेत. उभ्या माणसाला कोणी 'बसा' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

लोकलमध्येही नाही. तिथे तिघांच्या बाकावर चौथा बसतो, म्हणजे त्याची एक मांडी बसते आणि दुसरी पॅसेजमध्ये तरंगते. भाचा एकदा अंधेरीहून चर्चगेटला जाण्यासाठी आधी उलटा बोरिवलीला गेला. का? तर तिथून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं म्हणून. घर ते ऑफिस हा प्रवास माणसं करतात, पण बसण्यासाठी वेगळा प्रवास करायचा हा शोध मुंबईचाच.

मध्ये सरकारने तरुणांसाठी एक मोठं पाऊल उचललं होतं. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत नाइटलाइफ आलं. अनिवासी भागातले मॉल आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि चोवीस तास उघडं राहणारं शहर चोवीस तास बंद झालं. ते सोडा, ती साथ होती. पण रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली की पहाटे चारपर्यंत गाडी नाही. म्हणजे विरारच्या मुलाने साडेबाराला नाइटलाइफ सोडावं किंवा पहाटेपर्यंत ते चालवावं, मधला पर्याय टॅक्सीवाल्याकडे. त्यापेक्षा त्याच वेळात टर्फवर क्रिकेट खेळलेलं परवडतं. बागेत 'क्रिकेट खेळू नये' ही पाटी; तेच क्रिकेट कोणाच्या गच्चीवर जाळी लावून तासाच्या दराने खेळलं की त्याला फिटनेस म्हणतात. आता पिकलबॉल आलाय. त्याचं मैदान आणखी लहान असतं म्हणून तो मुंबईला मानवला असावा, दुसरं कारण मला दिसत नाही.

मग सह्याद्री आहेच की, असं आमच्या पिढीला वाटतं. शनिवारी रात्री दादरहून बस सुटते. पाठीला सॅक लावून पोरं पहाटे कळसूबाईच्या पायथ्याला उतरतात. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, 1646 मीटर. तिथल्या लोखंडी शिडीवर पावसाळ्यातल्या रविवारी जी रांग लागते तिच्यात मागचा माणूस म्हणतो, "जरा आत सरका." कुठे आत? आत कातळ आहे. माथ्यावर पोचल्यावर सूर्योदय दिसायचा असतो, पण दिसतात ते सूर्योदयाचा फोटो काढणारे. भाच्याला विचारलं, वर बसलास का निवांत? म्हणाला, "नाही हो मामा, मागची बॅच आली होती."

एकाच ठिकाणी त्याला फुकट आणि निवांत बसलेला पाहिला. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा. ते मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं झालं आणि भोवतीचा तो गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा आजही कोणाकडे ओळखपत्र मागत नाही. तिथे एका टोकाला राजकारण, दुसऱ्या टोकाला घोळक्याने गप्पा, मध्ये एखादं जोडपं, त्यांच्या शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा. कोणी कप उचलायला येत नाही, कारण कपच नसतो. भाचा तिथे दोन तास बसला आणि काहीही विकत घेतलं नाही. नंतर जरा अस्वस्थ झाला. "मामा, इथे पैसे कोणाला द्यायचे?"

हा प्रश्न त्याने गंभीरपणे विचारला होता. सहा वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाला फुकट बसणं म्हणजे कुठल्यातरी नियमाचा भंग वाटतो, यात त्याचा दोष नाही. 'कॉफीवर उधळतात, पिढी बिघडली' म्हणून आपण याच मुलांना नावं ठेवतो. अहो, ते कॉफीवर उधळत नाहीत. ते खुर्ची भाड्याने घेतात, आणि डिपॉझिट म्हणून शेवटचा घोट ठेवतात.

तेव्हा समस्त नगरसेवकांना एक विनंती. सुशोभीकरण नको, कारंजं नको, रंगीत दिव्यांची झाडं तर मुळीच नकोत. प्रत्येक वॉर्डात साधे बाक टाका. पाठीवर तुमचं नाव, पक्षाचं चिन्ह, दोन्ही हात जोडलेला फोटो, 'सौजन्य' हे सगळं हवं तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा, आमची तक्रार नाही, आम्ही त्याला टेकूनच बसणार आहोत. फक्त माणूस आडवा होऊ नये म्हणून बाकाच्या मध्ये लावतात, तो लोखंडी दांडा बसवू नका.