सर्व वस्तू जागेवर आहेत!

ब्रिटिश म्युझियममध्ये पत्राला उत्तर मिळत नाही, असे कोण म्हणेल? इट्टाई ग्रॅडेल या डॅनिश व्यापाऱ्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये कळवले, की तुमच्या संग्रहातली कोरीव रत्ने ईबेवर विकली जात आहेत. जुलैत उत्तर आले : वस्तू जागेवर आहेत, गैरप्रकार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र त्याच संस्थेने वस्तू गायब असल्याचे जाहीर केले. गहाळ, चोरीला गेलेल्या आणि मोडतोड झालेल्या वस्तूंचा आकडा सुमारे २,००० निघाला.

ऐंशी लाखांच्या पसाऱ्यात एवढे चालायचेच, असे कोणी म्हणेल. चालेलही, पण जवळपास निम्म्या संग्रहाची धड नोंदच नसताना ‘जागेवर आहेत’ हे कोणत्या यादीवरून ताडले? बाहेरच्याच्या शब्दावर आपल्या माणसावर संशय घ्यावा का, हाही आक्षेप रास्त. घेऊ नये, पण कपाट उघडून पाहणे म्हणजे संशय नव्हे, ते संग्रहालयाचे कामच आहे. २०२१ च्या इशाऱ्याला हवा तसा प्रतिसाद दिला गेला नाही, हे संचालक हार्टविग फिशर यांनी मान्य केले, तेही राजीनामा देताना. वाईट बातमीला जिथे जिना चढू दिला जात नाही, तिथे पहारा बाहेरच्या दारावर ठेवून उपयोग नसतो.