सगळं दहा-दहा

भाचा दहावीत गेला आणि माझ्या हातात सोटा आला.

झालं असं, की ताईने लालबागहून व्हिडिओ गेमचं ते काळं खोकं उचलून गिरगावात आणलं आणि आमच्या टीव्हीखाली ठेवलं. "मार्चपर्यंत हे तुझ्या ताब्यात. त्याने कितीही मागितलं तरी द्यायचं नाही." मी शब्द पाळला, त्याला दिलं नाही. पण यंत्र नुसतं पडून राहिलं की बिघडतं हे आमच्या चाळीत मिक्सरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना लागू आहे. म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर सहज लावून बघितलं.

आत 'एल्डन रिंग' होता. २०२२च्या फेब्रुवारीत जपानी मंडळींनी काढलेला, आणि खेळणाऱ्याला मारणं हाच ज्याचा मुख्य धंदा, असा खेळ. सुरुवातीलाच तो विचारतो, तुम्ही कोण? दहा पर्याय असतात. सामुराई, ज्योतिषी, दरोडेखोर, कैदी असं करत शेवटी एक 'रेच'. एरंडेलाशी संबंध नाही; इंग्रजीत दीनवाण्या माणसाला म्हणतात. बाकीच्यांना चिलखत, तलवार, मंतरलेली काठी. याच्या कमरेला फडकं आणि हातात सोटा. लेव्हल एक, आणि तब्येत, चित्त, दम, ताकद, चपळाई, बुद्धी, श्रद्धा आणि आठवं ते 'आर्केन', या आठही रकान्यांत बरोबर १०.

मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माझंही सगळं दहा-दहाच आहे. टायपिंग इंग्रजी ४०, मराठी ३०. चित्रकलेची एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट राहिली. तबल्याची प्रवेशिका. दादरला मावशीकडे जायचो त्या दोन सुट्ट्यांत समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, म्हणजे मल्लखांबाला मिठी. पुढे ऑफिसने सांगितलं म्हणून एमएस-सीआयटी. 'असू दे, कुठेतरी उपयोगी पडेल' या एका वाक्यावर आमच्या वडिलांनी मला उभा केला. ते 'कुठेतरी' अजून यायचंय.

रविवारी भाचा मिरची गल्लीतला मसाला पोचवायला आला. टीव्हीकडे बघून तो आधी दुखावला, मग त्याने माझे आकडे पाहिले आणि दुःख विसरला.

"मामा, लेव्हल १४! आणि सगळीकडे दोन-दोन, एक-एक पॉइंट वाटलेस?"

"कोणावर अन्याय नको."

"आर्केन कशाला वाढवलंस?"

"मेलेल्या शत्रूकडून जास्त सामान मिळतं म्हणे."

"मामा, तुझा एक तरी शत्रू मेलाय का?"

मग त्याने शिकवणीच घेतली. आधी तब्येत. ती ४० होईपर्यंत बाकीचे लाड नाहीत. मग ताकद किंवा बुद्धी, एकच काहीतरी धरायचं. सगळं थोडं-थोडं येणारा माणूस पहिल्या मोठ्या राक्षसाच्या हातून मरतो. मी विषय बदलायला म्हणून त्याला विचारलं, अकरावीला काय घेणार, आणि घेशील ते घे पण जोडीला टायपिंग करून ठेव. त्याने माझ्याकडे बघितलं ते लेव्हल एकच्या माणसाकडे बघतात तसं.

शस्त्राबद्दल त्याचं म्हणणं होतं की सारखं बदलायचं नाही. हातात आहे त्यालाच लोहाराचे दगड लावत राहायचे. साधं शस्त्र पंचवीस वेळा सुधारता येतं. हे मात्र मला सांगायला नको होतं. आमच्याकडची विळी आजीची. मूठ दोनदा बदलली, पाट एकदा, आणि धारवाला सायकलचं चाक फिरवत खाली आला की तीच पहिली जिना उतरते. पातं झिजून चंद्रकोर झालंय, पण सुरण असा कापते की बघत राहावं. ती विळी अधिक पंचवीस आहे.

पण माझं घोडं अडलं ते ओझ्यावर. पडक्या चर्चमधल्या फिरत्या दुकानदाराकडून मी साखळ्यांचं चिलखत घेतलं, वाटेत सापडलेल्या दोन ढाली घेतल्या, तीन हत्यारं घेतली. सापडलेलं टाकायचं नाही, संस्कार आहेत. या खेळात कोलांटी मारून वार चुकवावा लागतो. पेलवण्याच्या ७० टक्क्यांवर ओझं गेलं, की माणूस कोलांटी मारत नाही, गव्हाचं पोतं पडावं तसा पडतो. आणि पहिल्याच माळावर सोन्याने मढवलेला एक घोडेस्वार फिरत असतो. मी त्याच्यासमोर एकेचाळीस वेळा पोत्यासारखा पडलो.

त्यात कंट्रोलरची एक कांडी आपोआप डावीकडे जाऊ लागली. लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला नेला. काउंटरवरच्या पोराने तो उघडता उघडता विचारलं, "काका, मुलाचा का?"

"माझाच."

"कुठे अडलात?"

"घोडेस्वार."

"तब्येत किती?"

"बारा."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "काका, वळसा घालून जा ना. त्याला मारलाच पाहिजे असं कुठे आहे?" इतक्या सौम्य आवाजात माझ्याशी आजवर फक्त हृदयरोगतज्ज्ञ बोलले आहेत.

बेचाळिसाव्या खेपेला हिने लसूण सोलता सोलता मान वर केली. ही सव्वीस वर्षं चर्नी रोडहून निघून दादरला गाडी बदलत नोकरीला जाते.

"अहो, अंगावर एवढं चढवून उतरणार कसे तुम्ही? उतरवा ते सगळं."

"मार लागेल."

"तसाही लागतोच आहे."

उतरवलं. ओझं ३० टक्क्यांच्या खाली आलं. फडकं आणि सोटा. घोडेस्वार टापा वाजवत आला, त्याने भाला उचलला. मी सवयीने लगेच बटण दाबणार, तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा. अजून नाही. अजून नाही... आता!" आणि मी त्याच्या भाल्याखालून असा सुटलो, की दादरला विरार फास्टमधून ती रोज तशीच सुटत असणार. पुन्हा "थांबा." पुन्हा "आता!" गॅलरीतून जाणारे शेजारी खिडकीच्या गजांशी थबकले. सोट्याचे किती फटके लागले ते मोजले नाहीत, पण अर्धा किलो लसूण सोलून झाला तेव्हा घोडेस्वार पडला होता.

बक्षीस म्हणून त्याचा सोन्याचा भाला मिळाला. लगेच हातात घ्यायला गेलो तर खाली अटी: ताकद ३०, चपळाई १४, श्रद्धा १२. माझी ताकद १२. दोन्ही हातांनी धरलं तर दीडपट धरतात, तरी १८च.

"आता याचं काय करू?" मी विचारलं.

"पोटमाळ्यावर टाका," ती सालं गोळा करत म्हणाली, "टाइपरायटरशेजारी."