मोजणीला न जुमानणारा मुलूख

प्रवासात सोबती कोणत्या पेशाचा असावा, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी मौन पाळले आहे. तथापि ज्या देशात खुद्द जमीनच अद्याप पुरती तयार झालेली नाही, अशा आइसलंडासारख्या बेटावर जाताना महसूल खात्यात हयात घालविलेला गृहस्थ बरोबर असल्यास करमणुकीची निराळी तरतूद करावी लागत नाही, असे माझे मत आहे. आमचे रावसाहेब निवृत्त तहसीलदार. निसर्गसौंदर्याविषयी त्यांचा आकस नाही. मात्र ते सौंदर्य कोणत्या गटनंबरात मोडते, हे कळल्याखेरीज त्यांना त्याचा आस्वाद घेता येत नाही.

राजधानी रेक्याविकपासून तासाभराच्या वाटेवर थिंगवेट्लिर नावाचे जे विस्तीर्ण खोरे आहे, तेथे उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांची फारकत चालू असून, दरसाल सुमारे दोन सेंटिमीटर या संथ परंतु निश्चयी गतीने ते परस्परांपासून दूर सरकत आहेत, ही हकिकत वाटाड्याने सांगताच इतर प्रवासी कडेकपारींची छायाचित्रे घेण्यात गढून गेले; रावसाहेबांनी मात्र त्या सोनेरी केसांच्या तरुणाला बाजूला घेऊन, “मधली वाढलेली जमीन कोणाच्या खाती चढवता?” असा बिनतोड सवाल केला. हे राष्ट्रीय उद्यान आहे, असे तो म्हणाला. “म्हणजे सरकारजमा,” असा निवाडा देऊन रावसाहेब पुढे निघाले. इ. स. 930 मध्ये याच खोऱ्यात आइसलंडवासीयांची लोकसभा प्रथम भरली, आणि लेखी कायदे नसल्यामुळे त्या काळी एक विद्वान अधिकारी कायद्याचा एकतृतीयांश भाग दरसाल मुखोद्गत म्हणून दाखवीत असे, हे ऐकल्यावर त्यांच्या मुद्रेवर प्रथमच मत्सराची छटा उमटली. दफ्तरच नाही, म्हणजे दफ्तर गहाळ झाल्याचा खुलासा देण्याचा प्रसंगही नाही!

त्याच खोऱ्यात सिल्फ्रा नावाची एक जलमग्न भेग आहे. हिमनदीचे वितळलेले पाणी वर्षानुवर्षे लाव्हाच्या खडकांतून झिरपत येथे पोहोचते, ते इतके निर्मळ असते की शंभर मीटरपर्यंतचे स्वच्छ दिसावे. आणि इतके थंड, म्हणजे दोन ते चार अंश, की ते दिसण्यावरच समाधान मानावे असे कोणाही विचारी माणसास वाटावे. परंतु पर्यटक हा विचारी प्राणी नव्हे. रावसाहेबांना आत लोकरी, वर पाणी न शिरणारा जाड पोशाख, आणि गळ्याशी श्वास कोंडेल अशी रबरी पट्टी चढविण्यात आली, तेव्हा जलस्पर्शास ओठ व गाल एवढाच काय तो देहभाग खुला राहिला, आणि तोही पाण्यात उतरल्याबरोबर बधिर झाला. बाहेर आल्यावर पहिले वाक्य उच्चारण्यास त्यांना बराच अवधी लागला. ते वाक्य असे : “हद्द मात्र स्पष्ट दिसते.”

पुढे गायसरच्या खोऱ्यात गंधकाच्या दर्पाने नाक झाकून आम्ही उभे राहिलो. तेथील थोरला फवारा, ज्याची कीर्ती जगभर गेली, तो आता क्वचितच उसळतो. सगळा कारभार स्ट्रोक्कुर नावाचा शेजारी पाहतो, आणि दर पाचदहा मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंचीचा उकळता स्तंभ आकाशात फेकून आपली हजेरी लावतो. वरिष्ठ नावापुरता आणि कनिष्ठ राबता, हा शिरस्ता भूगर्भातही चालतो हे पाहून रावसाहेब गहिवरले. गुल्फॉसचा दोन टप्प्यांचा धबधबा सुंदर आहे. त्यावर वीजनिर्मितीची योजना आली असता शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलीने त्यास कडवा विरोध केला, आणि तिचा वकील पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, एवढे सांगून मी खरा कसोटीचा प्रसंग आला त्या ठिकाणाकडे वळतो.

ते ठिकाण म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. भूगर्भातील उष्णतेच्या कृपेने या देशात गावोगावी उघड्यावर ऊन पाण्याचे तलाव आहेत आणि डोक्यावर हिमकण पडत असताना गळ्यापर्यंत त्यांत बसून राजकारणाची चर्चा करणे हा तेथील नित्यनेम आहे. मात्र तलावात जंतुनाशक द्रव्ये बेताचीच घालीत असल्यामुळे, आत उतरण्यापूर्वी प्रत्येकाने संपूर्ण विवस्त्र होऊन साबणाने स्नान केलेच पाहिजे, असा सक्त हुकूम असतो. भिंतीवर मनुष्याकृतीचा नकाशा लावलेला होता, आणि ज्या क्षेत्रांची सफाई अनिवार्य ती त्यात तांबड्या रंगाने दाखविलेली होती. वज्रेश्वरीच्या कुंडांत पंचा नेसून पुण्य जोडलेल्या रावसाहेबांनी नकाशाचे बारकाईने अवलोकन केले, आपली हरकत तोंडी नोंदविली, वयाचा दाखला दिला, सवलतीची तरतूद आहे काय याची पृच्छा केली. परंतु तेथील देखरेख करणारा इसम हात बांधून, सौम्य स्मित करीत, नकाशाकडे बोट दाखवीत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांकडून हुकमाची तामिली करून घेतली, तो अखेर भिंतीकडे तोंड करून स्वतः तामिलीस उभा राहिला. त्यानंतर कुंडातील त्या ऊबदार पाण्यातून त्यांना बाहेर काढण्यास मला जे परिश्रम पडले, ते आत नेण्यास पडलेल्या परिश्रमांहून कितीतरी अधिक होते.

दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफ्यारा येथे वाळू काळीकुळकुळीत, आणि कड्याला षट्कोनी खांबांची रांग. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब ज्याने पाहिले आहेत त्याला येथे परकेपणा वाटत नाही. हा पाषाण सह्याद्रीच्याच कुळीचा, फक्त आपल्याकडचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेला आणि येथला त्या मानाने कालपरवाचा. “भाऊबंदकीच ही,” असे म्हणत रावसाहेब पुढे सरसावले. एकाएकी चाल करून येणाऱ्या लाटांपायी येथे माणसे दगावलेली असल्याने समुद्राकडे पाठ फिरवू नये, अशी पाटी तेथे आहे; रावसाहेबांनी ती मोठ्याने वाचून इतरांना बजावली, आणि स्वतः शेवटपर्यंत समुद्रावर नजर रोखून उलट्या पावलांनी परतले.

शेवटी हेमाय बेट. 1973 च्या जानेवारीत एका रात्री गावाच्या वेशीवर जमीन फाटून नवा पर्वत उभा राहिला. लाव्हारस बंदराचे मुख बुजवणार असे दिसताच लोकांनी त्यावर कित्येक महिने समुद्राचे पाणी पंपांनी मारून त्याला थोपविले, आणि हिशेब केला तेव्हा घरे शेकड्यांनी गेली होती, पण बंदर पूर्वीहून सुरक्षित झाले होते व बेट दोन चौरस किलोमीटरांनी वाढले होते. “आकारणी झाली?” एवढेच रावसाहेबांनी विचारले.

तेथून होडीने निघालो तेव्हा दूरवर सुर्त्सेय दिसले. 1963 साली समुद्रातून वर आलेले हे बेट लाटांनी झिजून आता निम्म्याच्या आसपास उरले आहे, आणि जीवसृष्टी आपोआप कशी रुजते हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांखेरीज तेथे कोणासही पाऊल ठेवता येत नाही. एवढा बंदोबस्त असूनही एकदा तेथे टोमॅटोचे रोप उगवलेले आढळले. कोणा अभ्यासकाने घाईच्या प्रसंगी आडोसा गाठल्याचा तो परिणाम होता, असे निष्पन्न झाल्यावर ते ताबडतोब उपटून टाकण्यात आले. अतिक्रमण इतक्या तत्परतेने हटविल्याचे ऐकून रावसाहेबांनी या देशाच्या कारभाराविषयी प्रथमच बिनशर्त समाधान व्यक्त केले, आणि मग वाटाड्याच्या कानाशी लागून विचारले, “पण आधी पंचनामा केला होता ना?” पंचनामा म्हणजे काय, हे त्या तरुणाला समजावून देता देता किनारा आला.